तिसऱ्या अर्जाची चिठ्ठी

।। प्रभूची कृपा ।।

ग्रॉफ यांचा मळा, लँकेस्टर परगणा, पेनसिल्व्हेनिया
३ ऑक्टोबर १९७७

चि. एडनास, व्हर्नाताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिकिटावर शिक्का पडला नव्हता. वाफेवर सहज निघालं असतं, पण तिकीट सरकारचं, म्हणून हात आवरला. पाकीट मात्र आपलं, ते उलटवून पुन्हा चिकटवलंय, हे तुझ्या हाती पडताच कळेल.

इकडे सगळे खुशाल. सफरचंदाच्या मुरांब्याची कढई परवा उतरवली. प्रार्थनेच्या सभाघरातल्या पाचजणी आल्या होत्या मदतीला. ट्वायला एका हाताने ढवळत होती आणि दुसऱ्या हातात कॉलेजची माहितीपुस्तिका. शिकागोवाली पुस्तिका कढईत पडता पडता वाचली. पडली असती तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला असता, असं मी म्हटलं तर पोरगी हसली नाही. तेव्हाच मला कळलं की हे साधं प्रकरण नाही.

तर ऐक. आपल्या ट्वायलाला डॉक्टर व्हायचंय. नर्स नव्हे, डॉक्टर. जेवताना सांगितलंन. तुझ्या भावोजींनी काटा खाली ठेवला आणि बटाट्यावर घालायला रस्सा मागितला. त्यावर बोलले ते इतकंच. मला तर हा सगळा मामलाच उलटा वाटतो. आधी चार वर्षं एका कॉलेजात जायचं, ते कशासाठी, तर पुढे दुसऱ्या कॉलेजात घेतील म्हणून! आणि पहिलं चुकलं की दुसऱ्याचं दार बंद. म्हणजे लग्नाआधी सासूच्या परीक्षेची तयारी.

मी सांगून टाकलंय, अर्ज तीनच. तीन आकडा पवित्र आहे म्हणून नव्हे, प्रत्येक अर्जाला फी पडते आणि माझा पैशांचा डबा तिथवरच पुरतो म्हणून. पण कॉलेजं झाली आहेत चार. एक शेंक, आपल्याच पंथातल्या मंडळीचं, गाडीने तासाभरावर. यांचं म्हणणं, शेंक सोडून दुसरीकडे बघायचंच कशाला? दुसरं टॅनर विद्यापीठ. ती माझी निवड. खर्च निम्मा, आणि पुस्तिकेबरोबर पेन्सिल फुकट पाठवली. ट्वायला म्हणते, आई, पेन्सिलीवरून कुणी कॉलेज निवडतं का? मी म्हटलं, तुला ठाऊक नाही, चांगली पेन्सिल आहे, मागे रबरसुद्धा आहे. तर दोन जागा अशा भरल्या. उरलेल्या एका जागेसाठी दोन कॉलेजं भांडतायत. ओहायोतलं विनफील्ड, लहानसं. आणि तुझ्या शिकागोतलं कॅरो, अवाढव्य. पोरगी सकाळी विनफील्डची असते, दुपारी कॅरोची. गाईचं दूध काढताना कुणाची असते ते गाईलाच माहीत.

तू इस्पितळात नर्स, त्या दुनियेत वावरतेस. काय ते नीट लिही. आणि शिकागोची उगाच भलावण करू नकोस. तूही तीनच वर्षांसाठी गेली होतीस, हे यांनी अजून विसरलेलं नाही.

तुझ्यावरचा लोभ तळघरात बरण्यांशेजारीच ठेवलाय, येशील तेव्हा ने.

तुझी,
व्हर्नाताई

—

शिकागो
१० ऑक्टोबर

ती. व्हर्नाताईस, एडनाचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट ओळखलं. माझंच अक्षर आतल्या बाजूने मला बघत होतं. वॉर्डातल्या सगळ्या मुलींना दाखवलं, म्हटलं, बघा, आमच्या घरची शिकवण.

ट्वायलाची बातमी वाचून मी औषधाची ट्रॉली भिंतीवर नेऊन आपटली. डॉक्टर! आपल्यात! ताई, भावोजींना आठवण करून दे की पशुवैद्याने गाईला सुई टोचली तेव्हा गाय उभी होती आणि आडवे झाले ते भावोजी. त्या घरातून डॉक्टर निघतेय ही प्रभूचीच करामत.

आता कामाचं. पुस्तिकेतल्या इमारती बघू नका आणि झाडाखाली हसणाऱ्या मुलीही बघू नका. झाडं सगळीकडे असतात. कॉलेजं मोठ्या अक्षरात छापतात की आमच्याकडची शंभरातली नव्वद मुलं डॉक्टरीला लागतात. इथले शिकाऊ डॉक्टर मला जेवताना सांगतात की त्यात मेख असते. काही ठिकाणी कच्च्या मुलांना शिफारसपत्रच देत नाहीत. मग अर्ज करणारे उरतात तेच मुळी पक्के. तेव्हा ट्वायलाने चारही ठिकाणी सरळ पत्र टाकून दोन गोष्टी विचाराव्यात. पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हणून किती जण येतात आणि शेवटपर्यंत त्यातले किती टिकतात? आणि चार वर्षांनी माझी शिफारस लिहिणाऱ्या गुरुजींना माझं नाव ठाऊक असेल का?

कॅरोची भलावण करत नाही. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राला तिथे इतकी गर्दी असते की नाताळपर्यंत निम्मी पोरं रडून मोकळी होतात. पण जी रडून पुन्हा बसतात ती नंतर कशालाच भीत नाहीत, हेही मी बघते. अर्ज मात्र असे कर: एक जिथे नक्की घेतील, एक जिथे बहुतेक घेतील, आणि एक उडी. उडी ठेवच, ताई. ती फी वाया गेली तरी चालेल.

शेवटचं वाक्य तू दोनदा वाचशील आणि कपाळाला हात लावशील, माहीत आहे.

माझ्यावर राग धरायचा तर थोडा धर, माया मात्र भरपूर ठेव.

तुझी,
एडना

ता. क. भावोजींना सांग, तीन वर्षांचा हिशेब चुकला हे मला मान्य आहे. पण दर सप्टेंबरला तुझ्या बरण्या भरायला कोण येतं तेही त्यांना विचार.

—

लँकेस्टर
शनिवार, २९ ऑक्टोबर

ती. एडनामावशीस, ट्वायलाचा सा. न. वि. वि.

मावशी, आधी खुर्चीत बस. ट्रॉली लांब ठेव.

उत्तरं आली! तू सांगितलेले दोन्ही प्रश्न मी चौघांना लिहिले होते. शेंकच्या प्राध्यापकांनी हाताने चार पानं लिहिली. त्यातली दोन पानं, मी कुठल्या ग्रॉफांची, माझे आजोबा आणि त्यांचे आजोबा एकाच बोटीतून आले होते का, यातच गेली. (आले होते. आम्ही नातेवाईक निघालो.) बाकीच्या दोन पानांत प्रामाणिकपणे सांगितलं की डॉक्टरीसाठी दरवर्षी मोजकेच येतात, पण आले त्या सगळ्यांची नावं त्यांना पाठ आहेत. विनफील्डने टंकलिखित पत्र पाठवलं: चाळीस येतात, बावीस टिकतात, आणि दुसऱ्या वर्षापासून प्रयोगशाळेत काम करू देतात. कॅरोचं उत्तर तर पोस्टकार्डावर! सहाशे सुरुवात करतात, दीडशे उरतात, तू येऊन सांगितल्याशिवाय तुझं नाव आम्हाला कळणार नाही. आणि खाली पेनाने लिहिलंय, पण गुरुवारी दुपारी माझं दार उघडं असतं. मावशी, त्या पोस्टकार्डाने मला झोपूच दिलं नाही! टॅनरकडून उत्तर नाही. ती झाडाखालची मुलगी मात्र तिसऱ्यांदा आली. तीच पुस्तिका, तेच दात. आईने ती डुगडुगणाऱ्या बाकाखाली सरकवली, आणि पेन्सिली ठेवून घेतल्या.

पण टॅनर सोडायला आई तयार नाही आणि मला विनफील्ड-कॅरोतलं एक सोडवत नाही. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. बाबा गोठ्यातून उशिरा यायला लागले. शेवटी आई म्हणाली, आपल्यात उपदेशक निवडताना काय करतात? गीतांच्या पुस्तकात चिठ्ठी घालून प्रभूवर सोडतात ना? मी म्हटलं, आई, नको. ती म्हणाली, का नको? प्रभूला रसायनशास्त्र कळत नाही का?

म्हणून आज दुपारी, सभाघर झाडायची आमची पाळी होती तेव्हा, आईने गीतांची दोन सारखी पुस्तकं घेतली. जशी उपदेशकासाठी लिहितात तशीच चिठ्ठी लिहिली, शास्त्रातलं वचन आणि खाली ‘प्रभूने निवडले’. एका पुस्तकात ती घातली, दोन्हींना रबरबँड लावले, आणि मला पाठ करून उभं केलं. मग अदलाबदल करून एक पुस्तक विनफील्डच्या पुस्तिकेवर ठेवलं, दुसरं कॅरोच्या पोस्टकार्डावर. आम्ही गुडघ्यावर बसून प्रार्थना केली. आईची प्रार्थना लांबली, कारण तिने त्यात टॅनरसाठीही एक वाक्य घातलं. मी पुस्तकाला हात लावणार, इतक्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. बिशप रूबेन ईबी! सभाघराच्या शेगडीचं तेल संपत आलंय का बघायला आले होते.

मावशी, आईला इतक्या चपळाईने हलताना मी जन्मात पाहिलं नाही. रबर काढून तोंडात, पुस्तिका आणि पोस्टकार्ड एप्रनखाली, आणि दोन्ही पुस्तकं पुरुषांकडच्या बाकांच्या फळीत, जिथे हात पोचला तिथे. बिशप म्हणाले, व्हर्ना, झाडताना घाम आलाय तुला. आई रबर तोंडात धरूनच हसली. मग त्यांनी आमच्यासमोरच दाराला कुलूप लावलं.

आता चिठ्ठी आत, आम्ही बाहेर. आई म्हणते, उद्या लवकर जाऊन काढू. पुस्तकं किती आहेत तिथे, आणि सगळी निळी!

तुझ्या कुशीत शिरावंसं वाटणारी,
ट्वायला

—

।। प्रभूची कृपा असो, फार गरज आहे ।।

लँकेस्टर
मंगळवार, १ नोव्हेंबर

चि. एडनास, अ. उ. आ.

ट्वायलाने तुला सगळं कळवलं असं ती सांगते, म्हणून मी पुढचंच लिहिते. घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस.

रविवारी आम्ही लवकर गेलो, पण नोल्टांचं कुटुंब आमच्याही आधी येऊन बसलेलं. शेजारचे ईलम नोल्ट तुला आठवत असतील, डुकरं आणि गाई पाळतात ते, गेल्या वीस वर्षांत हवामानापलीकडे चार शब्द बोलले नाहीत. पुरुषांच्या बाकांत शिरून मी पुस्तकं झटकायला लागले असते तर काय शोभा झाली असती सांग. मी देवावर हवाला ठेवून बायकांकडे बसले. दुसरं गीत सुरू झालं, ईलमने पुस्तक उघडलं, आणि ती चिठ्ठी अलगद त्यांच्या मांडीवर पडली.

तुला ठाऊकच आहे, आपल्यात ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघाली तो जन्मभराचा उपदेशक. ना पगार, ना सुटका. आणि आपले म्हातारे उपदेशक आजारी, नवा निवडायचा विषय महिनाभर चाललेला! ईलम पिठासारखे पांढरे झाले. गाणं थांबलं. चिठ्ठी घडी करून खिशात घातलीन आणि उरलेला वेळ छताकडे बघत बसले. मला वाटलं, नंतर हळूच गाठून सांगेन. पण उपासना संपताच ते गाडी काढून पसार.

आज सकाळी त्यांची ॲना यीस्ट मागायला आली आणि माझ्या स्वयंपाकघरात रडायलाच लागली. रविवारपासून ईलम गोठ्यात गाईंपुढे उपदेश करतायत म्हणे! देवाचं बोलावणं टाळून पळालेल्या आणि माशाने गिळलेल्या योनाची गोष्ट सांगतात. गाई रवंथ करायच्या थांबल्या, दूध कमी झालं. आणि येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून पाचारण स्वीकारणार आहेत. ॲना म्हणाली, व्हर्ना, तू तरी सांग, प्रभूला दुसरं कुणी मिळालं नाही का?

मी तिला यीस्ट दिलं. दुप्पट दिलं. आणि दारापर्यंत पोचवून आले.

एडना, अर्जाची मुदत जवळ आलीये, पण मी ट्वायलाला सांगितलंय, हे निस्तरेपर्यंत कॉलेजचं नाव काढायचं नाही. ती मान खाली घालून गेली. मी प्रभूला कॉलेज निवडायला बसवलं आणि त्याने डुकरांचा मालक निवडला, आता मी कुठल्या तोंडाने तिसरा अर्ज भरू? चिठ्ठी कुणाची ते यांना अजून ठाऊक नाही. ठाऊक झालं की एकच अर्ज जाईल, शेंकचा, आणि मला बोलायला जागा उरणार नाही.

उलट टपाली लिही. माया आटवू नकोस.

तुझी,
व्हर्नाताई

—

शिकागो
४ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वॉर्डात वाचलं. तीन नंबरच्या खाटेवरच्या आजींना टाके घातलेत, त्यांना हसायची बंदी आहे, म्हणून मला बाहेर घालवण्यात आलं.

आता हसणं पुरे. लगेच जा आणि सांगून टाक. ईलमला लाज वाटेल म्हणून थांबू नकोस, रविवारनंतर ती दसपट वाटेल. आणि ट्वायलाला शिक्षा करू नकोस. चिठ्ठी तिने टाकली नाही, ती तर नको म्हणत होती. ताई, भावोजींना कॉलेजची भीती नाही, माझी आहे. पोरगी एडनासारखी तिकडचीच होईल म्हणून. त्यांना सांग, ती इथे आली तर दर रविवारी माझ्या टेबलावर जेवेल आणि मी तिला तुझ्या मुरांब्यावरच वाढवीन. मी ज्या एकटेपणाने पहिली दोन वर्षं काढली ती तिला काढू देणार नाही.

मार खाल्लास तर अर्धा माझ्या नावावर मांड.

तुझी,
एडना

—

।। प्रभूची कृपा ।।

लँकेस्टर
१२ नोव्हेंबर १९७७

चि. एडनास, ताईचे अनेक, अगदी अनेक उ. आ.

तुझं पत्र आलं, पण मी त्यासाठी थांबले नव्हते. तुला लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, ट्वायलाला घेऊन नोल्टांकडे गेले. अंगणात बघते तर बिशपची गाडी. पाय परत फिरत होते, पण पोरगीने दंड धरला. म्हणाली, आई, आता मागे फिरलीस तर गाई उपाशी मरतील.

आत टेबलाशी ईलम, ॲना आणि बिशप, मध्ये ती चिठ्ठी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रबर, एप्रन, टॅनरसाठी केलेली प्रार्थना, काही ठेवलं नाही. ॲना एकदम इतकी हसायला लागली की तिच्या डोक्यावरची टोपी एका कानावर आली. मला वाटलं, ईलमना हायसं वाटलं असेल बिचाऱ्यांना. तर हळूच म्हणतात कसे, मग योनाचं काय करायचं? माशाच्या पोटापर्यंतच आणलाय मी त्याला, आता तिथे कसा सोडू? एडना, त्या माणसाला गोडी लागली होती! बिशपांनी विचार केला आणि सांगितलं, बुधवारच्या प्रार्थनेला या आणि तिथे त्याला बाहेर काढा.

मग बिशप माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. चेहरा त्यांचा दगडासारखा, पण बोलले ते असं: व्हर्ना, चिठ्ठी टाकण्याआधी आपण उमेदवारांची परीक्षा घेतो की नाही? मी म्हटलं, घेतो. ते म्हणाले, या कॉलेजांची घेतली का? ट्वायला पुढे झाली आणि तुझे दोन्ही प्रश्न आणि सगळी उत्तरं तिने घडाघडा सांगितली. शेंकचं सांगताना बिशपांनी थांबवून त्या प्राध्यापकांचे आजोबा कोण ते विचारून घेतलं. (ते त्यांचेही नातेवाईक निघाले.) मग विचारलं, टॅनर काय म्हणालं? ट्वायला म्हणाली, काही नाही, पुस्तिका पाठवली. तीनदा. बिशप म्हणाले, ज्याला प्रश्न विचारला आणि ज्याने उत्तर दिलं नाही, त्याला आपण बाकावर बसवत नाही. तो उमेदवार नव्हे. म्हणजे उमेदवार तीन आणि जागा तीन, मग चिठ्ठी कशाला टाकत होतीस?

चार शहाण्यांसमोर मला वजाबाकी शिकवली. मी म्हटलं, पण टॅनर स्वस्त आहे. बिशप म्हणाले, असेल, पण आपण उपदेशक निवडताना सर्वांत स्वस्त कोण ते बघतो का? ईलमने त्यावर मान हलवली, अगदी उपदेशकासारखी. घरी येऊन टॅनरच्या कागदावर मी माझ्या हाताने रेघ मारली. दोनदा मारायला लागली, पहिल्यांदा पुसट आली.

आता यांचं. रात्रीच्या जेवणाला सगळं सांगितलं आणि ओरडा खायला तयार बसले. पण हे हसले. असे हसले की खुर्ची मागे सरकली, डोळे रुमालाने पुसले, पुन्हा ईलमचं नाव काढलं आणि पुन्हा हसले. अर्जांबद्दल मात्र एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी शिकागोवालं पोस्टकार्ड जागेवर नव्हतं. गोठ्यात गेले तर दूध काढायच्या स्टुलावर बसून वाचतायत. एवढंसं पोस्टकार्ड, ते किती वेळ वाचणार! तुझंही पत्र मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. ते वाचलं आणि ट्वायलाला विचारलं, सहाशे पोरांत जेवायला शेजारी कोण बसतं गं? ती म्हणाली, सहा दिवस मी बघून घेईन, सातव्या दिवशी मावशी आहे. यांनी रस्सा मागितला.

अर्ज तिने तीन रात्री बसून लिहिले. शेंकला वाटतं नक्की घेतील, विनफील्डला बहुतेक, आणि कॅरो म्हणजे तू म्हणतेस ती उडी. काल आम्ही तिघं पोस्टात गेलो. पाकिटं यांच्याच हातात. ट्वायलाने मागितली तर दिली नाहीत. पेटीपाशी उभे राहून त्यांनी शेंकचं टाकलं. मग विनफील्डचं टाकलं. कॅरोचं तसंच हातात धरून उभे. पोरगी माझा हात इतका घट्ट धरून होती की अंगठी रुतली. मग हे वळले, आत खिडकीशी गेले आणि पोस्टमास्तरांना म्हणाले, याला लांब जायचंय, पेटीत नको, तुम्ही स्वतःच्या हाताने पिशवीत घाला.

आणि बाहेर येऊन ट्वायलाला म्हणाले, चल, थंडी पडलीये, कोट नीट लाव.

टेबलाशी एक खुर्ची जास्तीची मांडून ठेव. लोभ कमी पडला तर कळव, इकडून पाठवते.

तुझी,
व्हर्नाताई